स्नोक्वाल्मी पासला पहिल्यांदाच स्कीइंग: कुठे जावं, दिवस कसा निवडावा?

रेडमंड_नवे
नमस्कार मंडळी. जानेवारीत एक दिवस सिएटलजवळच्या स्नोक्वाल्मी पासला, म्हणजे डोंगरातल्या खिंडीत, स्की शिकायला जायचं आहे. आम्ही दोघं आणि मुलं, मोठा १० वर्षांचा, धाकटी ६ वर्षांची. चौघांनीही आजवर पायात स्की घातलेले नाहीत. त्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून आलेले असतील, त्यांनाही बर्फ दाखवायचा आहे. तिथल्या समिट वेस्ट, सेंट्रल, ईस्ट आणि अल्पेंटल या चार स्की-भागांपैकी आमच्यासाठी कोणता? ऑफिसात सगळे अल्पेंटलचं नाव घेतात. सामान विकत घ्यावं की भाड्यानं? गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे, टायर ऑल-सीझन.

पर्वती_ते_पासवर
अल्पेंटल या वेळी नको. सिएटलच्या मुरलेल्या स्कीअरांचा त्या डोंगरावर जीव आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. १९६७ साली सुरू झालेला हा डोंगर पायथ्याच्या ३,१४० फुटांपासून ५,४२० फुटांपर्यंत जातो, आणि वरचा बराचसा भाग काळ्या डायमंडचा, म्हणजे तीव्र उताराचा आहे. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचं सुवर्णपदक जिंकणारी सिएटलची डेबी आर्मस्ट्राँग इथलीच; तिच्या नावाची स्कीइंगची उतरती वाटही तिथे आहे. पण नवशिक्याला तिथे सोपा उतार फारच थोडा मिळतो. थकलेल्या पायांनी चुकीच्या लिफ्टमध्ये, म्हणजे वर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्चीत, बसलात तर खाली यायला सोपी वाट नसते.

तुम्ही समिट वेस्ट किंवा सेंट्रलला जा. उतार मंद आहेत, शिकणाऱ्यांचा भाग वेगळा आहे आणि तिथे मॅजिक कार्पेट, म्हणजे बर्फावरचा सरकता पट्टा आहे, त्यामुळे पहिले दोन तास चेअरलिफ्टची गरजच पडत नाही. सिएटलहून आय-९० महामार्गावर पूर्वेकडे साधारण ५० मैल. वेस्टला एक्झिट ५२, सेंट्रलला ५३.

लेसन घ्याच, चौघांनीही. नवशिक्यांसाठी लेसन, सामान आणि मर्यादित लिफ्ट असं एकत्र पॅकेज असतं, ते आधी ऑनलाइन घेतलेलं बरं. मार्टिन ल्यूथर किंग डेचा लाँग वीकएंड टाळा, शिकवणीच्या जागा फार आधी भरतात. आणि नवऱ्यानं बायकोला किंवा आईनं मुलाला शिकवणं शक्यतो नको. शिकवणारा खालून ओरडत असतो, शिकणारा त्याच्याकडे पाहायला मान खाली घालतो, वजन मागे जातं आणि तो पडतो.

कॅस्केडचा_पाऊस
तारीख आत्ताच पक्की करू नका, जमलं तर दोन तारखा हाताशी ठेवा. या पासवर सगळं अवलंबून असतं ते फ्रीझिंग लेव्हलवर, म्हणजे हवा शून्य अंशाला येते त्या उंचीवर. पासची उंची फक्त ३,०२२ फूट. बर्फ साधारणपणे फ्रीझिंग लेव्हलच्या हजार फूट खालपर्यंत टिकतो, त्याखाली पाऊस. म्हणून अंदाजात ४,००० फूट दिसलं तर पासवर काठावरची परिस्थिती, ओला जड बर्फ. ५,५०० दिसलं तर सरळ पाऊस. २,५०० किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम.

पॅसिफिकवरून येणाऱ्या दमट हवेमुळे इथला बर्फ पाण्यानं जड असतो, लोक त्याला इथल्या कॅस्केड डोंगररांगेवरून 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात. नवशिक्याचे स्की त्यात रुतून बसतात, वळताना गुडघ्यावर ताण येतो. ताज्या फूटभर ओल्या बर्फापेक्षा मशीननं सपाट केलेला उतार तुम्हाला जास्त सोपा जाईल, तेव्हा 'पावडर डे'च्या, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दिवसाच्या, मागे लागू नका.

आणखी एक गोष्ट अंदाजात वाचा: वारा कुठला. पूर्व वॉशिंग्टनमधली थंड हवा या खिंडीतून पश्चिमेला झिरपते. त्यामुळे वरच्या थरात हवा गरम झाली तरी खाली पासवर गारठा टिकून राहतो. या स्थितीत वरून आलेला पाऊस रस्त्यावर पडताच गोठतो. 'फ्रीझिंग रेन' असा शब्द दिसला की त्या दिवशी घरी थांबा. टायरला लावायच्या साखळ्या असल्या तरी.

लोकरी_मोजे
सामानाबद्दल. पहिल्या वर्षी काहीही विकत घेऊ नका, फक्त मोजे, हातमोजे आणि गॉगल घ्या. बाकी भाड्यानं. मुलांसाठी शहरातली दुकानं पूर्ण सीझनचं भाडं घेतात. तीन-चारदा जाणार असाल तर ते परवडतं आणि सकाळची रांग वाचते. हेल्मेट सगळ्यांना.

बूट हीच खरी अडचण. नव्वद टक्के तक्रारी 'बूट चावतो' याच असतात आणि बहुतेकदा तो मोठा निवडलेला असतो. पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून जा, स्की बुटांचा नंबर तोच असतो. पायात एकच पातळ लोकरीचा मोजा. दोन घातले की घडी पडते आणि रक्तप्रवाह अडून बोटं बधिर होतात. थर्मलची कडा बुटात जाता कामा नये, नडगीवर वळ उठतात. घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, सगळ्या बकल सैल लावा, गुडघे पुढे वाकवा, मग घोट्याजवळची बकल घट्ट करा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. टाच उचलली जात असेल तर लगेच लहान नंबर मागा.

दुकानात वजन खरं सांगा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, किती जोरानं सुटायचं ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीअरचा प्रकार यांवर ठरतं. वजन जास्त सांगितलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. कमी सांगितलं तर चालता चालता सुटतो. स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटीपर्यंत पुरे.

कपडे पावसाचेच समजा. सुती काहीही नको: जीन्स, सुती बनियन, सुती मोजे ओले होतात आणि मग वाळतच नाहीत. वरचं जॅकेट आणि पँट खरोखर वॉटरप्रूफ हवेत. गॉगलला पिवळी किंवा गुलाबी काच, कारण ढगाळ दिवशी गडद काचेतून उताराचे चढउतार दिसत नाहीत. मुलांसाठी हातमोज्यांचा जादा जोड.

रेडमंड_नवे
सर्वांचे आभार. दोन शंका. टायर ऑल-सीझन आहेत, साखळ्या घ्याव्या लागतील का? आणि आई-बाबांना कुठे नेऊ? बाबांचा गुडघा दुखतो.

पर्वती_ते_पासवर
टायरवर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फासाठीचा) छापलेलं असेल आणि चर किमान १/८ इंच खोल असेल तर 'ट्रॅक्शन टायर्स रिक्वायर्ड' (पकडीचे टायर हवेत) अशी पाटी असली तरी जाता येतं. पण 'चेन्स रिक्वायर्ड, ऑल-व्हील ड्राइव्ह वगळून' अशी पाटी लागली की तुमच्या गाडीला चेन्स लावाव्याच लागतील. न लावता पुढे गेलात तर ५०० डॉलरपर्यंत दंड. तेव्हा त्या डिकीत असूच द्या. आधी गाडीचं मॅन्युअल पाहा, चाक आणि गार्डमधली जागा कमी असलेल्या गाड्यांना ठरावीक पातळ प्रकारच्याच चेन्स चालतात.

घरासमोर कोरड्यात दोनदा लावून पाहा. फ्रंट-व्हील ड्राइव्हला पुढच्या चाकांना. जमिनीवर पसरून गाठी सोडवा, गुळगुळीत बाजू टायरकडे ठेवा, आधी आतल्या बाजूचा हूक, मग बाहेरचा, मग ताण. थोडं अंतर जाऊन पुन्हा आवळा, कारण साखळी चाकावर बसली की सैल होते. न आवळलेल्या साखळीचं टोक ब्रेकच्या नळीवर आपटतं. वेग ताशी ३० मैलांच्या आत. हातात रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली टाकायला जाड प्लास्टिक ठेवा.

आई-बाबांसाठी एक्झिट ५४ चा हायक स्नो-पार्क, म्हणजे बर्फात खेळायला येणाऱ्यांसाठीचा सरकारी पार्किंगतळ, बघा. तिथे घसरगुंडीसाठी तयार केलेली टेकडी आहे आणि मुलं खेळत असताना त्यांना बाजूला बसता येतं. त्यासाठी स्नो-पार्कचा दिवसाचा परवाना आधीच ऑनलाइन घ्या, नुसता डिस्कव्हर पास (राज्यातल्या उद्यानांचा पार्किंग पास) चालत नाही. सेंट्रलला ट्यूबिंगही (हवेनं फुगवलेल्या ट्यूबवर बसून घसरणं) आहे, ठरावीक वेळेची तिकिटं आधी घ्यावी लागतात, पण ट्यूबमध्ये दणके बसतात, दुखऱ्या गुडघ्याला नकोच. ज्येष्ठांना सगळ्यात मोठा धोका पार्किंगमध्ये असतो, वितळून पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर. बुटाला खालून ओढून लावायचे स्प्रिंगवाले ग्रिप घेऊन ठेवा, आणि लॉजच्या फरशीवर पाऊल टाकण्याआधी काढा, तिथे ते घसरतात.

सकाळी_सातला
तंत्राबद्दल थोडं. थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, मुलांच्या भाषेत 'पिझ्झा'. वजन अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर आणि नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली. भीतीनं मागे झुकलं की पुढची टोकं हलकी होतात, वळत नाहीत आणि वेग वाढतो. वेग वाढला की माणूस आणखी मागे झुकतो. स्की जोडताना बुटाखालचा बर्फ आधी खरवडून काढा, नाहीतर बाइंडिंग नीट लागत नाही आणि पहिल्याच वळणावर सुटतं.

चेअरलिफ्टला चढताना पोल (स्कीच्या काठ्या) एका हातात, नजर मागच्या खुर्चीवर. उतरताना स्कीची टोकं वर, रॅम्पवर पोचल्यावरच उठा, सरळ पुढे जा आणि बाजूला व्हा. तिथेच थांबून मुलाची वाट पाहू नका, मागची खुर्ची येत असते. सहा वर्षांच्या मुलीला लिफ्टवर मोठ्या माणसाबरोबरच बसवा आणि खाली असलेल्या कर्मचाऱ्याला लिफ्ट हळू करायला सांगा, ते करतात.

उतारावर खाली असलेल्याला आधी मान, त्यामुळे वरून येणाऱ्यानं वाट काढायची. थांबायचं तर वरून दिसेल अशा कडेला. निघताना बेलव्ह्यू सातच्या आत सोडा, शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं. परतताना रविवारी संध्याकाळी आय-९० पश्चिमेकडे तुंबतो. घरी पोचलात की बुटांच्या आतली अस्तरं काढून उबदार खोलीत वाळवा, ओलीच राहिली तर दुसऱ्या दिवशी पाय तासाभरात गारठतात.