१८९७चा व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, ऑस्ट्रेलियन फुटबॉलची स्पर्धा) मोसम: फायनल नसताना विजेता कसा ठरला?

कोथरूडकर: रविवारच्या क्विझसाठी हवंय. एसेंडन १.८ (१४), मेलबर्न ०.८ (८) हा स्कोअर कसा वाचायचा? आणि साखळीत जिलाँग पहिलं, मग विजेतेपद एसेंडनला कसं?

पेठेतला: पहिला आकडा गोल, दुसरा बिहाइंड (चेंडू मधल्या दोन खांबांऐवजी त्यांच्या बाजूच्या खांबांमधून गेला की मिळतो तो). गोलचे ६ गुण, बिहाइंडचा १. म्हणजे ६ + ८ = १४. दशांश समजून बेरीज केलीत की फसलात. वहीत तीन रकाने आखा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात बिहाइंडला गुण मिळायला लागले ते याच मोसमापासून.

औंधकर: आठ संघ, १४ फेऱ्या. नंतर पहिल्या चौघांची वेगळी साखळी, प्रत्येकाचे ३ सामने. एसेंडनने तिन्ही जिंकले, फायनलची गरजच उरली नाही. आधीचे गुण पुढे धरलेच नाहीत. जिलाँगवर हा अन्यायच झाला.