लॉबीतला जटायू: गरुड नव्हे, गिधाडच

अनघा (ब-३०४): नमस्कार. दसऱ्याला सोसायटीच्या लॉबीत लावायच्या जटायूच्या चित्राचा फोटो टाकलाय. कॅनव्हास चार बाय तीन फूट, रंग ॲक्रिलिक. पहिले दोन थर झालेत. काही सुचवायचं असेल तर आजच सांगा.

गोखले काका (अ-१०१): छान चाललंय. डोक्यावर पिसं राहिलीत बहुतेक. सोनेरी कर, गरुडासारखं तेज येईल.

अनघा: काका, डोकं आणि मान उघडीच राहणार. जटायू गिधाड आहे, वाल्मीकी त्याला गृध्रराज म्हणतात. गरुड त्याचा चुलता, अरुणाचा भाऊ.

गोखले काका: ते माहीत आहे गं. पण घरावर गिधाड बसलं तर अपशकुन म्हणून शांती करायचे आमच्याकडे. ऐन सणात दारातच गिधाड म्हणजे कुणाच्या तरी मनाला लागेल.

अनघा: काका, मला नेमकं हे नकोसं वाटणारं म्हातारं गिधाडच चित्रात आणायचंय. सीतेची हाक आली तेव्हा जटायू झाडावर झोपलेला होता. तो रावणाला स्वतःच सांगतो की मी साठ हजार वर्षांचा म्हातारा, तू तरुण, रथात, कवच घातलेला. तरी मी तुला जाऊ देणार नाही. राजा रविवर्म्यांनी रंगवला तो पंख तुटण्याचा क्षण. मला त्याआधीचा हवाय, नुकता जागा झालेला. त्याला सोनेरी, देखणा केला तर त्याचं म्हातारपण जातं आणि मग त्याच्या धाडसाला काय अर्थ उरतो?

मालती आजी (ब-२०२): अनघाचं बरोबर आहे. आपण नाशिककर. इगतपुरीकडे सर्वतीर्थ टाकेद आहे, तिथे रामाने बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी आणलं नि जटायूच्या तोंडात घातलं, असं सांगतात. गोदावरीवर त्याला तिलांजली दिली ती रामाने, मुलाने बापाला द्यावी तशी. मग आपल्या लॉबीत त्याला का नको?

रोहन (क-४०१): ताई, पंखांचा तपकिरी काल उजळ होता ना? फोटोत काळपट दिसतोय.

अनघा: बरोबर पाहिलंस. ॲक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, ओला असताना दुधी असतो, वाळला की पारदर्शक होतो, म्हणून रंग एक छटा गडद होतो. त्यात हा ऑक्टोबरचा उकाडा, पॅलेटवरच रंग सुकतात. आता पॅलेटवर ओलं फडकं आणि त्यावर बटर पेपर ठेवते. काळा ट्यूबमधला वापरलेला नाही. अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळलाय, त्याने सावली मेलेली दिसत नाही. रंग पातळ करायलाही नुसतं पाणी नको, मीडियम (बाइंडरचंच बिनरंगी द्रावण) घालायचं. पाणी फार झालं की रंगाची पकड जाते.

गोखले काका: एक सांगतो. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोरं टाकायचे तिथे शंभर-शंभर गिधाडं उतरायची. आता एकही नाही.

रोहन: काका, त्याचं कारण गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर अजून लांब चोचीची गिधाडं दिसतात.

अनघा: मी त्यांच्यावरूनच काढतेय. पंखांचा पसारा सात फुटांच्या आसपास, मानेच्या तळाशी पांढरट पिसांची कॉलर.

गोखले काका: बरोबर, कॉलर असायची. आणि सकाळी पंख पूर्ण उघडून उन्हात बसायची. आम्ही पोरं लांबून बघत उभी राहायचो. भीती वाटायची, पण पाय निघायचा नाही.

अनघा: काका, हे फार कामाचं सांगितलंत. मग ऊन मागून घेते. पिसांच्या कडांवर पातळ गेरूचे दोन-तीन हात दिले की उजेड आरपार आल्यासारखा दिसेल. तुमचं सोनेरीही तिथेच येईल, उन्हाचं.

मालती आजी: दिवाळीपर्यंत राहू द्या लॉबीत.

सेक्रेटरी (अ-३०२): राहू दे. जिन्यासमोरच्या भिंतीवर खिळे शनिवारी मारून घेतो. काच लागेल का?

अनघा: काच नको, ट्यूबलाइट चमकेल. मॅट वार्निश देते, पण रंग पूर्ण वाळल्यावर. काका, उद्या चारला वर याल? पंखांची टोकं बोटांसारखी सुटी दिसायची ना, ती तुम्ही बघून सांगा.

गोखले काका: येतो. लांबचा चष्मा घेऊन येतो.