पत्र्याचं खुराडं, मे महिना आणि खुडूक कोंबडी: अंडी कशी बसवू?

प्रश्न
गावरान कोंबडी चार दिवसांपासून खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. हात घातला की पिसं फुलवून टोचते. घरात १६ अंडी आहेत. काही १२-१३ दिवसांची, चार फ्रिजमधली. खुराडं पत्र्याचं आहे, दुपारी ४१-४२ अंश होतात. बाकीच्या कोंबड्याही तिथेच अंडी घालतात. मागच्या रवणीत (उबवणीत) १२ अंड्यांतून ३ पिल्लं निघाली. उरलेली फोडली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली. काय चुकलं असेल?

प्रतिसाद १
ताई, १६ नको. गावरान कोंबडीच्या पंखाखाली १० ते १२ मावतात. उन्हाळ्यात १० पुरेत. कडेचं अंडं उघडं पडतं, कोंबडी रोज अंडी फिरवते, मग आळीपाळीने सगळीच गार पडतात.

फ्रिजमधली चार खाण्यात घ्या. १२-१३ दिवसांचीही सोडा. अंडं २१ अंशांच्या वर राहिलं की आतला जीव थोडा वाढतो आणि तिथेच मरतो. म्हणून मे महिन्यात चार-पाच दिवसांच्या आतलीच घ्यावीत. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, ज्वारीत टोकाची बाजू खाली करून ठेवा. धुऊ नका, वरचं संरक्षक आवरण जातं. घाण कोरड्या फडक्याने पुसा. आणि कळपात कोंबडा आहे ना? आठ-दहा कोंबड्यांमागे एक हवाच.

प्रतिसाद २
जागा आधी बदला. पत्र्याखाली कोंबडी धापा टाकत उठते आणि अंडी तापतात. मातीच्या भिंतीची, अंधारी, मांजर-मुंगूस पोचणार नाही अशी जागा बघा. दीड फूट रुंद बांबूची पाटी घ्या. तळाला दोन इंच ओलसर माती, त्यावर चाळलेल्या राखेचा पातळ थर, वर मऊ गवत. मधे किंचित खोलगट ठेवा. जास्त खोल केलं तर अंडी एकावर एक चढतात आणि फुटतात.

कोंबडीला अंधार पडल्यावर हलवा. पहिला दिवस दोन टाकाऊ अंड्यांवर बसवा. नव्या जागी रमली की दुसऱ्या रात्री सगळी अंडी एकदम ठेवा. मागे-पुढे ठेवली तर पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि पहिली निघाली की कोंबडी उरलेली अंडी सोडून उठते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा. बिनखुणेचं दिसलं तर दुसऱ्या कोंबडीचं समजून रोज काढा.

पूर्ण वाढून मेलेल्या पिल्लांचं कारण बहुतेक कोरडी हवा किंवा उष्णता. आतली पातळ त्वचा चिवट होते, पिल्लाला फाडता येत नाही. तळाची माती ओलसर राहिली पाहिजे. अठराव्या दिवसापासून पाटीच्या कडेला रोज पाणी शिंपडा.

पिसवा झाल्या तरी ती घरटं सोडते, मग अंडी थंड पडतात. बसवण्याआधी पंखाखाली आणि शेपटीजवळ राख चोळा.

प्रश्नकर्ती
कोंबडा एक आहे, कोंबड्या सात. ती उठतच नाही, खायला घालावं का? अंडी तपासायची कधी?

प्रतिसाद ३
दिवसातून एकदा, सकाळी, स्वतः उचलून बाहेर ठेवा. मका किंवा ज्वारी, भरपूर पाणी, राखमातीत लोळायला जागा. १५-२० मिनिटं पुरे. त्या वेळी मोठी, घाण वासाची विष्ठा टाकते, ते नेहमीचंच. बाहेर न काढल्यास अंड्यांवर करते.

सातव्या रात्री पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून टॉर्चवर अंडं धरा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ पिवळं दिसलं तर वांझ. लाल कडं दिसलं तर मेलेलं. ही दोन्ही काढा. कुजलेलं अंडं फुटलं तर बाकीच्यांनाही जंतू लागतात.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. एकविसाव्या दिवशी टोच पडली, म्हणजे पिल्लाने आतून कवचाला भोक पाडलं, तरी कवच सोलू नका. घाईने सोललं की रक्तवाहिन्या तुटतात. टोच पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. पिल्लाच्या पोटात बलक असतो, पहिला दिवस भूक भागते. नंतर बारीक कणी आणि उथळ ताटलीत पाणी द्या. ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. लस बर्फातून आणा, बर्फाशिवाय नुसत्या पिशवीत आणलेली मे महिन्यात वाया जाते.