आयात शुल्क वाढवल्याने देशातील कारखानदारी पुन्हा उभी राहते का?

प्रश्न

आयात मालावर जबर शुल्क बसवले की बंद पडलेले कारखाने पुन्हा सुरू होतील, असा दावा गेल्या काही वर्षांत अनेक देशांत जोमाने मांडला जात आहे. त्यामागचा विचार वरवर पाहता सरळ वाटतो. बाहेरचा माल महाग झाला की गिऱ्हाईक देशी मालाकडे वळेल, देशी मालाला उठाव आला की कारखानदार यंत्रे वाढवतील आणि यंत्रे वाढली की माणसे कामाला लागतील. या साखळीतील पहिली कडी मला पटते, पुढच्या कड्यांबद्दल मात्र शंका आहे. वाढलेल्या भावातून मिळालेला पैसा नव्या यंत्रांत जातो की नुसता नफ्यात जिरतो, हे कशावर ठरते? आणि शुल्काच्या आडोशाला उभा राहिलेला कारखाना तो आडोसा काढल्यावर टिकतो का?

एका बाजूचे लोक जबर शुल्कांच्या आडोशाला उद्योग वाढवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे उदाहरण देतात, तर दुसऱ्या बाजूचे लोक १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याकडे, म्हणजे अमेरिकेने आयात शुल्के वाढवली त्या कायद्याकडे, बोट दाखवतात. आज एकाच वस्तूचे सुटे भाग चार-पाच देशांतून येऊन जोडले जातात, त्यामुळे ही जुनी उदाहरणे कितपत लागू पडतात, हे मला ठरवता येत नाही. ज्यांनी उत्पादनात प्रत्यक्ष काम केले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ (पत्राकाम)

मी बरीच वर्षे प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग काढण्याचा छोटा कारखाना चालवत आहे, त्यामुळे मी लिहितो ते माझ्या हिशेबाच्या वहीतून आलेले आहे.

‘आयात माल’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुकानात मांडलेली तयार वस्तू येते. प्रत्यक्षात बंदरावर उतरणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा कारखान्यांनीच मागवलेला असतो. त्यात पत्रा असतो, तार असते, बेअरिंगे असतात, रसायने असतात आणि ज्यांवर देशी माल बनायचा ती यंत्रेही असतात. म्हणून शुल्क किती आहे यापेक्षा ते कशावर आहे, हा प्रश्न मला आधीचा वाटतो.

एक साधा हिशेब मांडतो. बाहेरून येणारा एक तयार भाग १०० ला पडतो आणि तो बनवायला ६० चा पत्रा लागतो असे समजा. म्हणजे मजुरी, वीज, साचा, व्याज आणि नफा या सगळ्यांसाठी माझ्या हातात ४० उरतात. आता तयार भागावर २५ टक्के शुल्क लावले आणि पत्र्याला हात लावला नाही, तर मला १२५ पर्यंत भाव घेता येतो आणि ४० चे ६५ होतात. दोन्हींवर २५ टक्के लावले तर पत्रा ७५ ला पडतो आणि हातात ५० राहतात. पण पत्र्यावर २५ टक्के आणि तयार भागावर फक्त १० टक्के लावले, तर ११० मधून ७५ वजा जाऊन ३५ उरतात. कागदोपत्री माझ्या मालाला १० टक्के संरक्षण मिळालेले असते आणि प्रत्यक्षात मी शुल्क नव्हते त्या दिवसांपेक्षा वाईट अवस्थेत असतो. मॅक्स कॉर्डन या अर्थतज्ज्ञाने १९६६ मध्ये हाच हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने मांडला होता, हे मला फार उशिरा कळले. तोवर मी तो अनुभवाने शिकलो होतो.

तो अनुभव असा. मी बाहेरचा पत्रा कधीच घेतला नव्हता, माझी सगळी खरेदी देशी गिरणीकडून होत असे. पत्र्यावर शुल्क बसले तेव्हा आपल्याला त्याची झळ लागणार नाही, अशी माझी समजूत होती. पंधरवड्याच्या आत देशी पत्र्याचा भावही वाढला आणि तो शुल्क धरून येणाऱ्या बाहेरच्या पत्र्याच्या जेमतेम खाली येऊन थांबला. माझ्या मोठ्या गिऱ्हाइकाशी भाव सहा महिन्यांसाठी ठरलेला असल्याने ते सहा महिने मी तोट्यात माल दिला, आणि मुदत संपल्यावर मी भाव वाढवून मागितला तेव्हा त्या गिऱ्हाइकाने तोच भाग तयार स्थितीत बाहेरून मागवायला सुरुवात केली. नव्या प्रेससाठी बाजूला काढलेला पैसा या सगळ्यात संपला. देशी उत्पादन वाढावे म्हणून लावलेल्या शुल्काने निदान माझ्या शेडमधील उत्पादन कमी केले.

हे माझ्यापुरते असते तर मी लिहिले नसते. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ पासूनच्या शुल्कवाढीचा एकत्रित परिणाम तपासला, तेव्हा संरक्षणामुळे झालेल्या थोड्या लाभापेक्षा महागलेला कच्चा माल आणि इतर देशांनी प्रत्युत्तरादाखल लावलेली शुल्के यांमुळे झालेले नुकसान जास्त असल्याचे आणि कारखान्यांतील रोजगार एकूण घटल्याचे त्यांना आढळले. पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांत कितीतरी पट जास्त माणसे काम करतात, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटत नाही.

उत्तर २ (व्यापार-इतिहास)

वरील हिशेब मला पूर्ण मान्य आहे. त्यात काळाचा मुद्दा जोडतो, कारण माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकी मोटारसायकल कंपनीचे उदाहरण शुल्काचे समर्थक नेहमी देतात आणि ते देण्याजोगे आहेही. १९८३ मध्ये अमेरिकेने ७०० सीसीपेक्षा मोठ्या आयात मोटारसायकलींवर ४५ टक्के जादा शुल्क लावले, पण ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत जाईल, हे पहिल्याच दिवशी जाहीर केले होते. कंपनीने उत्पादनपद्धतीतील सुधारणा शुल्काच्या आधीच हाती घेतल्या होत्या. सुटे भागांचे साठे कमी करणे आणि दोष जोडणीच्या जागीच पकडणे, अशी ती कामे होती. १९८७ मध्ये कंपनीने शुल्क मुदतीच्या एक वर्ष आधीच काढण्याची विनंती स्वतः केली. या काळात जपानी कंपन्यांनी ७०० सीसीच्या किंचित खाली बसणारी इंजिने बनवून शुल्क चुकवलेही, त्यामुळे सगळे श्रेय शुल्काला देता येत नाही. तरीही मुदत ठरलेली होती आणि त्या मुदतीत काय करायचे, हे कारखान्याला ठाऊक होते.

याच कंपनीची पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २०१८ मध्ये पोलाद-ॲल्युमिनियमच्या शुल्कांना उत्तर म्हणून युरोपीय संघाने अमेरिकी मोटारसायकलींवरील शुल्क ६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर नेले. त्यानंतर हार्लेने युरोपसाठीचे उत्पादन अमेरिकेबाहेर हलवण्याचा निर्णय जाहीर केला. एका शुल्काने ज्या कारखान्याला श्वास घ्यायला वेळ दिला, त्याच कारखान्याचे काम दुसऱ्या शुल्काच्या प्रतिक्रियेने बाहेर गेले.

मुदत नसलेल्या संरक्षणाचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील मोटारउद्योगात दिसते. १९८० च्या दशकात तिथे मोटारींवर ५७.५ टक्के शुल्क होते आणि त्यावर आयातीचे कोटेही होते. त्या आडोशाला अनेक कंपन्या एका छोट्या बाजारपेठेसाठी अनेक मॉडेले थोड्या थोड्या संख्येने बनवत राहिल्या. शुल्क हळूहळू कमी होत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आले आणि २०१७ अखेर देशातील मोटारींचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबले. चलन महागणे हेही त्यामागचे एक मोठे कारण होते, हे खरे. पण इतक्या दशकांच्या संरक्षणानंतरही निर्यातीच्या बळावर तगून राहील असा आकार त्या उद्योगाला आला नव्हता.

दक्षिण कोरियानेही आपल्या मोटारउद्योगाला आयातीपासून जवळजवळ पूर्ण आडोसा दिला. फरक असा, की तिथे स्वस्त कर्जे आणि संरक्षण यांच्या बदल्यात निर्यातीची उद्दिष्टे मागितली जात. ह्युंदाईची पोनी १९७५ मध्ये तयार झाली आणि पुढच्याच वर्षी ती इक्वेडोरला निर्यात होऊ लागली. घरच्या गिऱ्हाइकाला पर्याय नसतो म्हणून तो निकृष्ट मालही घेतो, परदेशी गिऱ्हाईक तसे घेत नाही. माल खरोखर सुधारतो आहे का, हे सरकारला त्या निर्यातीच्या आकड्यांवरून कळत होते. उलट ब्राझीलने १९८४ च्या कायद्याने छोट्या संगणकांची बाजारपेठ आठ वर्षे देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली. तिथे मुदत होती, पण निर्यातीची कसोटी नव्हती. त्या काळात संगणक वापरणारा प्रत्येक उद्योग महाग आणि मागासलेल्या यंत्रांवर काम करत राहिला.

उत्तर ३ (टूलरूम)

वरच्या दोन्ही उत्तरांतील माहितीशी माझा वाद नाही, पण त्यांचा सूर मला एकांगी वाटतो. मी साचे बनवतो. कारखाना बंद पडला की काय जाते, हे या चर्चांत भावाच्या कोष्टकात बसवून टाकले जाते, म्हणून लिहितो.

पत्रा साच्यात वाकवला की दाब सुटल्यावर तो थोडा परत फिरतो. किती परत फिरेल हे पत्र्याच्या जाडीवर, त्याच्या प्रतीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. आता संगणक त्याचा अंदाज देतो, पण पहिला नमुना निघाल्यावर साच्याचा नेमका कोणता कोपरा किती घासायचा, हे ठरवणारा कारागीर आठ-दहा वर्षे घासून घासूनच तयार होतो. गिऱ्हाईक कारखाने बंद पडले की टूलरूम बंद पडते, कारागीर दुसऱ्या धंद्याला लागतात आणि त्यांच्या हाताखाली कोणी शिकत नाही. दहा वर्षांनी शुल्क कितीही वाढवले तरी ते हात परत येत नाहीत. म्हणून उद्योग मेल्यावर लावलेले शुल्क निरुपयोगी ठरते, हे मला मान्य आहे, पण तो जिवंत असताना वेळेवर लावलेले शुल्क त्याला तगवून ठेवू शकते, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरे असे, की बाहेरून येणारा माल नेहमी कौशल्यामुळेच स्वस्त असतो असे नाही. कधी तो सरकारी अनुदानावर, कधी उत्पादनखर्चाच्याही खाली विकला जातो. अशा वेळी चौकशी करून, ठरावीक मालावर, ठरावीक देशापुरते लावायचे डम्पिंगविरोधी (खर्चाखाली विकलेल्या मालावरचे) किंवा अनुदानविरोधी शुल्क जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसते आणि फेरतपासणी झाली नाही तर ते पाच वर्षांनी संपते. सरसकट सगळ्या आयातीवर लावलेल्या शुल्काशी त्याची गल्लत करू नये.

प्रश्नकर्ता

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. रोजगाराचा मुद्दा अजून मोकळा राहिला आहे. समजा कारखाना खरोखर परत आला, तर कामे किती परत येतात?

उत्तर २ (व्यापार-इतिहास)

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील धुलाईयंत्रांचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्यांवर शुल्क जाहीर झाले. पहिल्या वर्षी १२ लाख यंत्रांपर्यंत २० टक्के आणि त्यापुढच्या यंत्रांवर ५० टक्के, असा दर होता. सॅमसंगने दक्षिण कॅरोलिनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने उभारले, म्हणजे कारखाने खरोखर आले. पण अभ्यासकांनी हिशेब केला तेव्हा नव्या नोकऱ्या सुमारे १,८०० भरल्या आणि एका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर जादा मोजल्याचे दिसले. धुलाईयंत्रे सुमारे १२ टक्क्यांनी महागलीच, शिवाय कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर कोणतेही शुल्क नसताना त्यांचेही भाव तितकेच वाढले, कारण ही दोन यंत्रे जोडीने विकली जातात.

शिवाय आजचा नवा कारखाना जुन्या कारखान्याइतकी माणसे घेत नाही. अमेरिकेत कारखान्यांतील रोजगार १९७९ मध्ये सुमारे १ कोटी ९५ लाखांवर पोचून पुढे घटत गेला, आणि एकूण रोजगारातील कारखान्यांचा वाटा दीर्घकाळ आयातीपेक्षा निर्यात जास्त ठेवणाऱ्या जर्मनीतही कमी झाला आहे. म्हणजे या घटीतील सगळीच काही आयातीने झालेली नाही.

उत्तर ३ (टूलरूम)

‘पत्राकाम’ यांना एक थेट प्रश्न विचारतो. पत्र्यावरचे शुल्क उद्या काढले आणि तुमच्या तयार भागांवर २५ टक्के बसवले, तर तुम्ही नवी प्रेस घ्याल का? तुमच्याच हिशेबाने तुमच्या हातात ४० चे ६५ होतात.

उत्तर १ (पत्राकाम)

खरे सांगायचे तर लगेच घेणार नाही. प्रेस आणि तिच्यावरचे साचे यांचा पैसा वसूल व्हायला मला सात वर्षे लागतात, आणि शुल्क एका आदेशाने येते व एका आदेशाने जाते. २००२ मध्ये अमेरिकेने पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत लावलेले शुल्क तीन वर्षांसाठी होते, तरी ते डिसेंबर २००३ मध्येच उठले. त्याच्या भरवशावर कोणी भट्टी टाकली असेल तर त्याचे काय झाले असेल, याचा विचार माझ्या मनात येतो. वाढलेल्या २५ मधून मी आधी जुने कर्ज फेडीन आणि आहेत त्या प्रेसवर दुसरी पाळी लावीन. मात्र पुढच्या सात वर्षांचे उतरते दर वर्षवार लिहून राजपत्रात छापले आणि पत्र्याचा भाव मोकळा सोडला, तर त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे साच्यांचे कोटेशन मागायला येईन.