पर्यावरण आणि संवादकौशल्य इंजिनिअरिंगमधून काढा म्हणणाऱ्यांना

पाणीवाला: काल कोडवाला यांनी लिहिलं, "पर्यावरण, संवादकौशल्य हे भरताड विषय काढा, तेवढ्या तासांत एक प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवा." राहवलं नाही. मी १४ वर्षं गावोगावच्या नळ योजनांवर आहे. पहिल्या वर्षी एका वस्तीत नळाचा चौथरा बांधला. उतार, दाब, पाइपाचा व्यास, सगळं चोख. बायका तिकडे फिरकेनात. चौथरा पारासमोर, तिथे दिवसभर पुरुष बसलेले. शिवाय इतका बुटका, की भरलेला हंडा डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागायची. एक मावशी म्हणाल्या, "साहेब, कुणाला विचारून बांधलंत?" कुणालाच नाही. त्यात विहीर फेब्रुवारीत आटली, कारण आजूबाजूच्या बोअरवेल मी मोजल्याच नव्हत्या. हे शिकवायला हवं होतं, मला कुणी शिकवलं नाही.

कोडवाला: तुमचा अनुभव खरा, पण कॉलेजात हे शिकवतात कुठे? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिकवायला सांगितलं. आमच्या वाट्याला आला ऑडिट कोर्स, म्हणजे नुसतं पास व्हायचं, मार्क निकालात धरत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातून २० पानं आणायची, आदल्या रात्री ओझोन पाठ करायचा. आणि संवादकौशल्य? मी झेडपीच्या शाळेतला. सरांनी पहिल्याच आठवड्यात उभं करून इंग्रजीत स्वतःची ओळख सांगायला लावली. वर्ग हसला. पुढची चार वर्षं मी वर्गात एक शंका विचारली नाही.

तिसऱ्या_वर्षाची: अजून तेच चालू आहे. ग्रुप डिस्कशनमध्ये ज्याचं इंग्रजी फाडफाड, त्याला मार्क. मुद्दा कुणी ऐकत नाही.

पुणे_ते_म्युनिक: रडगाणं पुरे. २०२१ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) मराठीतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आहे. मुलाखत मराठीत घेते का एखादी कंपनी? इंग्रजी शिका.

कोडवाला: शिकलोच ना! रडगाणं म्हणताना जरा विचार करा. तुम्हाला कुणी वर्गासमोर असं उभं केलं नसेल.

निवृत्त_मास्तर: भांडू नका. एनबीए ही इंजिनिअरिंगचे कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था. पदवीधराला काय काय यायला हवं, याची तिची आमच्या वेळी १२ आउटकमांची (पीओ) यादी होती. त्यात पीओ-७ पर्यावरण, पीओ-९ टीमवर्क, पीओ-१० संवाद. पीओ-१० मध्ये समाजाशीही बोलता यावं असं होतं. इंग्रजीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

कोडवाला: मग सर, तुम्ही लोकांनी इतकी वर्षं काय केलंत?

निवृत्त_मास्तर: तक्ते भरले. कुठल्या विषयाचा कुठल्या पीओशी किती संबंध, १ की २ की ३. कमिटी यायची, फायली बघायची, जायची. एकदाही वर्ग घेऊन गावात गेलो नाही. याचं वाईट वाटतं.

पुणे_ते_म्युनिक: रडगाणं हा शब्द मागे घेतो. इंग्रजीचं मत कायम आहे.

पाणीवाला: अहो, मावशींशी मी कुठलं इंग्रजी बोलणार होतो? विचारायची अक्कल नव्हती, एवढंच म्हणतोय.

कोडवाला: बरं. विषय ठेवा. पण ती २० पानं फेकून द्या, पोरांना वस्तीवर पाठवा आणि मार्क द्या. बिनमार्कांचं कुणी करत नाही, मीही केलं नसतं.

तिसऱ्या_वर्षाची: दादा, त्या नळाचं पुढे काय झालं?

पाणीवाला: चौथरा फोडून देवळामागे नेला. उंची किती ठेवायची ते मावशींनी हंडा धरून दाखवलं, मी तिथेच खडूने खूण केली. विहीर मात्र अजूनही फेब्रुवारीत आटते.