मदत हवी आहे: थंडीत फ्रूट केकचं मिश्रण फाटतं, रमऐवजी संत्र्याचा रस चालेल का?

नागपुरात सध्या सकाळी स्वेटरशिवाय स्वयंपाकघरात जाववत नाही. दुपारभर ओव्हन चालू ठेवायला निमित्त हवंच होतं, म्हणून रविवारी फ्रूट केकचा बेत आहे. सासूबाई आणि मुलंही खाणार, त्यामुळे रम नको. आंबिया बहाराची संत्री आलीच आहेत, तर सुकामेवा त्यांच्या रसात भिजवावा म्हणते.

प्रमाण असं: मैदा २०० ग्रॅम, बटर आणि ब्राऊन शुगर प्रत्येकी १५० ग्रॅम, अंडी ३, बेकिंग पावडर १ चमचा, बेदाणे-काळ्या मनुका-खजूर-अक्रोड मिळून ३०० ग्रॅम. भांडं ७ इंची, गोल. टूटीफ्रूटी मुद्दाम वगळली आहे. कच्च्या पपईला रंग लावून साखरेत मुरवलेलं ते प्रकरण मला झेपत नाही (मुलांनी निषेध नोंदवला आहे).

उन्हाळ्यात जमणारं हेच मिश्रण थंडीत अंडी घातली की फाटतं, दाणेदार होतं. फळं तळाशी बसतात. शिवाय ओटीजी लहान, त्यामुळे वरून करपतं आणि मधे ओलं राहतं. आणि भिजवायचं किती दिवस? कुणी महिनाभर म्हणतं.

प्रतिसाद:
महिनाभर रममध्ये, ताई. तिथे अल्कोहोल फळं टिकवतं. रसात इतके दिवस ठेवलीत तर आंबतील. बेदाणे-मनुका-खजूर रसात ५-७ मिनिटं मंद उकळा, झाकून गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, बास. अक्रोड शेवटी कोरडेच घाला. संत्र्याची साल किसताना फक्त नारिंगी भाग घ्या, पांढरा आला की कडू.

प्रतिसाद:
फाटण्याचं कारण गार अंडी. फेटलेल्या बटरला थंड अंडं लागलं की ते आवळतं आणि पाणी सुटतं. अंडी सालीसकट कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, बटर बोट सहज रुतेल इतकं मऊ हवं, वितळलेलं नको. एकेक अंडं थोडं थोडं घाला. तरीही फाटलं तर मोजलेल्या मैद्यातला एक चमचा घालून फेटा, टाकून देऊ नका.

फळं चाळणीत पूर्ण निथळा, बारीक चिरा, त्याच मैद्यातला चमचाभर चोळा. पण खरं सांगू का, मैदा चोळण्यावर लोक फार भिस्त ठेवतात. मिश्रण सैल असेल तर काही चोळा, फळं बुडणारच. चमच्यातून ते जड पडायला हवं. निथळलेला रस त्यात ओतायचा मोह टाळा, केक निघाल्यावर गरम असतानाच वरून शिंपडा.

धागाकर्ती:
रस ओतायचाच विचार होता, बरं झालं विचारलं! ओटीजीचं काय?

प्रतिसाद:
१५० अंशांवर, खालच्या कप्प्यात. भांड्याला आतून बटर पेपरचा दुहेरी थर लावा, कडेला भांड्यापेक्षा दोन बोटं उंच ठेवा. तासाभरात वरचा रंग आला की फॉइल सैलसर झाका. एकूण सव्वा ते दीड तास लागेल, पण घड्याळापेक्षा मधोमध खुपसलेल्या सुरीवर विश्वास ठेवा. पहिला पाऊण तास दार उघडू नका. आणि रविवारी खायचा असेल तर शनिवारीच भाजा. त्याच दिवशी कापलात तर चुरा होतो.

धागाकर्ती:
म्हणजे शुक्रवारी रात्रीच फळं भिजवते. मुलांपासून एक रात्र केक लपवायची जागा कुणी सुचवेल का?

प्रतिसाद:
गव्हाच्या कोठीत. आमच्याकडे अजून कुणाला कळलेलं नाही.