‘मूल नाही’ आणि ‘मूल नको’: चाइल्डफ्रीला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि ‘चाइल्डफ्री’ या शब्दापाशी अडले आहे. होत नाही म्हणून नव्हे, तर नको म्हणून ज्यांना मूल नाही, ते. लेखात प्यू संशोधन केंद्राची अमेरिकेतली पाहणी आहे. पन्नाशीच्या आतल्या, मूल नसलेल्या प्रौढांपैकी ‘पुढेही होईलसं वाटत नाही’ म्हणणारे २०१८ मध्ये ३७ टक्के होते, २०२३ मध्ये ४७ टक्के झाले. त्यातल्या ५७ टक्क्यांनी एक मोठं कारण दिलं ते एवढंच, की ‘नको आहे’. यांना ‘निःसंतान’ म्हटलं की वाचणाऱ्याला कणव येणार, आणि ती तर त्यांनी मागितलेलीच नाही. ‘अपत्यहीन’ लिहून खोडलं. काही सुचतंय का?

प्रतिसाद:
खोडलंत ते बरं केलंत. बुद्धिहीन, चारित्र्यहीन यांच्या रांगेत स्वखुशीने कोण उभं राहील! ‘अपत्यमुक्त’ घ्या.

प्रतिसाद:
‘मुक्त’चीही रांग पाहा की: कर्जमुक्त, रोगमुक्त, व्यसनमुक्त. बिचारं मूल कोणाच्या पंगतीला बसवताय? जर्मनमध्ये ‘किंडरलोस’ म्हणजे मूल नसलेला आणि ‘किंडरफ्राय’ म्हणजे ठरवून नसलेला अशी जोडी आहे खरी. पण लहान मुलांना प्रवेश नसलेल्या हॉटेललाही ते किंडरफ्रायच म्हणतात.

प्रतिसाद:
डिंक? दोन पगार, मुलं नाहीत, या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द. चिनी भाषेने तो उच्चारासकट उचलला आहे.

प्रतिसाद:
मराठीत चालणार नाही, चिकटेल.

प्रतिसाद:
नवा शब्द पाडण्याआधी जुने जरा उलटून पाहू. ‘निपुत्रिक’ घ्या. यात फक्त पुत्र मोजला आहे. चार मुली असलेला माणूसही ‘निपुत्रिक वारला’ असं बिनदिक्कत लिहिलं जायचं. ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, ही मनुस्मृतीतली व्युत्पत्ती प्रसिद्धच आहे. ‘अपत्य’ तरी निरुपद्रवी असेल म्हणावं, तर यास्क ‘निरुक्त’ या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात त्याचा एक अर्थ देतो: ज्याच्यामुळे पतन होत नाही ते. व्याकरणाच्या अंगाने तो ‘अप’ला ‘त्य’ प्रत्यय लागून झालेला शब्द आहे, ‘नित्य’ आणि ‘अमात्य’ यांच्या जातीचा. पण यास्काला त्यात पतन दिसावं, यातच सगळं आलं. ‘संतती’ तन् धातूवरून, म्हणजे ताणत नेलेलं, न तुटणारं. ‘संततधार’मधला ‘संतत’ही त्याच घरातला. मूल नसलं की धार तुटली, असा हिशोब या शब्दांच्या पोटातच आहे.

आणि ‘वांझ’. संस्कृत वन्ध्या. जमीन वांझ, गाय वांझ, चर्चा वांझोटी, बाई वांझ. पुरुष मात्र कधी वांझ नसतो. त्याला दुखवायचंच तर षंढ म्हणतात, पण तो टोमणा पुरुषत्वावर आहे, बाप न होण्यावर नाही.

प्रतिसाद:
‘निर्वंश’ राहिला. तो तर चक्क शाप म्हणून देतात.

प्रतिसाद:
मला वाटतं, आपण नाम शोधत बसलो आहोत आणि गोम क्रियापदात आहे. मराठीत मूल ‘होतं’. पाऊस पडावा, ताप यावा, तसं. दिवस ‘जातात’, कूस ‘उजवते’, पाळणा ‘हलतो’. करणारा माणूस वाक्यात कुठेच नाही. कुटुंबनियोजनाने ‘पाळणा लांबवणे’ आणलं, तेव्हा कुठे माणूस कर्ता झाला. पण पाळणा येणार हे त्यातही धरलेलंच होतं. आता लोक ‘चान्स घेताय का?’ असं विचारतात. शब्द उसना असेल, पण घ्यायचा की नाही हे समोरच्याच्या हातात आहे, हे त्यात कबूल केलं आहे. मागच्या पिढीच्या तोंडी हे वाक्य आलं नसतं.

इंग्रजीला ‘लेस’ आणि ‘फ्री’ असे दोन प्रत्यय लागले, कारण त्यांच्याकडे ‘नाही’ आणि ‘नको’ नाही. आपल्याकडे आहे. ‘त्यांना मूल नाही’ ही परिस्थिती झाली, ‘त्यांना मूल नको आहे’ हा निर्णय. माझं मत विचाराल तर ‘मूल नको असलेली जोडपी’ असं साधं लिहा.

प्रतिसाद:
वाक्याला ठीक. पण हाच शब्द लेखात तीसदा आला तर? ‘विनापत्य’ सुटसुटीत आहे. ‘विना’ला ना ‘हीन’चा कमीपणा, ना ‘मुक्त’चा जल्लोष. गरज पडली तर ‘स्वेच्छेने’ जोडा. आपला शब्द असण्याचा आणखी एक फायदा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाने मूल न होऊ देण्याच्या प्रचारावर बंदी घातली. व्यक्तीला ४ लाख रूबलपर्यंत दंड, संस्थेला ५० लाखांपर्यंत. रशियनमध्येही या विचाराला ‘चाइल्डफ्री’च म्हणतात. शब्द परका असला की विचारही बाहेरून आला म्हणायला सोपं जातं.

प्रतिसाद:
१९७२ मध्ये एलन पेक आणि शर्ली रॅडल यांनी अमेरिकेत अशा लोकांची संघटना काढली. तिच्या नावात आधी ‘पालक नसलेले’ होतं, पुढे ते बदलून ‘ऐच्छिक पालकत्व’ झालं. मला ही कलाटणी आवडते. मूल नसणाऱ्याला नाव देऊ नका, पालकत्वालाच विशेषण लावा. शाळेत विषय ऐच्छिक असतो तसं.

प्रतिसाद:
म्हणजे एटीकेटीची सोय नसलेला ऐच्छिक विषय!

प्रतिसाद:
सर्वांचे आभार. ‘विनापत्य’वर एक शंका: ‘विनाअनुदानित’सारखं वाटत नाही ना? आईला मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, “विनापत्य म्हणजे बिनपत्त्याचा का गं?” तूर्त शीर्षकात ‘मूल नको’, आत पहिल्यांदा ‘स्वेच्छेने विनापत्य’ आणि पुढे नुसतं ‘विनापत्य’ ठेवलं आहे. संपादक काय म्हणतात ते कळवते.